वारशाचा सातबारा वेगळा आणि वारशाचा दस्त वेगळा

थंडीत काटोल रोडने नागपूरजवळच्या जुनापाणीला गेलो होतो, सातआठ जण, दोघं आर्किटेक्ट, शाळेतल्या एक मॅडम आणि बाकी आमच्यासारखे दगडांचा नाद असलेले. तिथल्या शिळावर्तुळांपाशी, म्हणजे महापाषाण काळातल्या दफनांभोवती गोल मांडलेल्या दगडांपाशी, उभे होतो तर एक जण म्हणाला, हे सगळं आता ऑनलाइन आहे ना, म्हणजे टेन्शन नाही. मी विचारलं काय ऑनलाइन आहे, तर त्याने फोनवर नकाशातला पिन दाखवला. दुसरा म्हणाला अरे तसं नाही, उत्खननाचा अहवाल स्कॅन होऊन पीडीएफ पडलाय कुठल्याशा पोर्टलवर, ते म्हणतोय का तू. दोघंही "डिजिटल जतन" हाच शब्द वापरत होते, आणि एकाच्या डोळ्यापुढे एक गोष्ट तर दुसऱ्याच्या डोळ्यापुढे भलतीच. हा घोळ मी इतक्या ठिकाणी पाहिलाय, मीटिंगमध्ये, प्रोजेक्टच्या कागदांत, व्हॉट्सॲप ग्रुपवर, की आज सगळं बैजवार लिहूनच टाकतो.

या दोन गोष्टी म्हणजे वारसा स्थळांची इन्व्हेंटरी आणि पुरातत्त्वाचं डिजिटल अर्काइव्ह. दोन्ही कॉम्प्युटरवर असतात, दोन्हीत सर्च मारता येतो, दोन्हीत फोटो असतात, म्हणून सारख्या वाटतात.

आपल्याकडे हे समजायला सगळ्यात सोपं म्हणजे शेतीचे कागद. सातबारा काय सांगतो, आज ही जमीन कोणाची, किती, त्यावर काय पीक आणि काय बोजा. उद्या वाटणी झाली की सातबारा बदलतो, फेरफार पडतो, जुन्या नावाला कंस होतो. आणि आजोबांनी जमीन घेतली तेव्हाचं रजिस्टर्ड खरेदीखत, ते बदलत नाही, त्यातला एक काना मात्रा कोणी हलवला तर तो गुन्हा. इन्व्हेंटरी हा वारशाचा सातबारा, तिचं कामच बदलत राहणं. अर्काइव्ह म्हणजे खरेदीखत, ते जसं ठेवलं तसंच राहायला पाहिजे, नाहीतर त्याला काही किंमत नाही. आता सातबारा आहे म्हणून कोणी खरेदीखत फाडून टाकतं का? आणि नुसतं खरेदीखत दाखवून आज जमीन कोणाच्या नावावर आहे हे सिद्ध होतं का? पण वारशाच्या बाबतीत आपण नेमकं हेच करतो.

आधी इन्व्हेंटरी घेऊ. तिला विचारायचे प्रश्न साधे असतात, कुठे आहे, काय आहे, किती जुनं, आज काय अवस्था, कायद्याने संरक्षित आहे का, हद्द कुठपर्यंत, शेवटचं कोण कधी बघून आलं. आपल्याकडे २००७ साली स्मारकं आणि पुरावस्तूंसाठी राष्ट्रीय मिशन सुरू झालं, ते याच प्रकारचं, म्हणजे देशभरातल्या वास्तू आणि वस्तूंची एकसारख्या फॉर्ममध्ये नोंद. बाहेरच्या देशांत आर्चेस नावाची सिस्टिम बरीच वापरतात, गेटी कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूट आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड यांनी मिळून केलेली. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आधी जॉर्डनसाठी अशी एक सिस्टिम केली होती आणि त्या अनुभवातून ही आली. लॉस एंजेलिस शहराने २०१५ मध्ये आपली ऐतिहासिक ठिकाणं तिच्यावरच टाकली. आत पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस आणि नकाशाचा भाग, त्यामुळे "या रस्त्याच्या दोन्ही बाजूला ५०० मीटरमध्ये काय काय येतं" असं विचारलं की उत्तर लगेच, आणि खरा फायदा इथेच आहे, कारण रस्ता आखणारा इंजिनीअर उत्खननाचे अहवाल वाचत बसणार नाही, त्याला नकाशावर लाल ठिपका दिसला तरच तो थांबेल.

ठिपक्यावरून एक गोष्ट सांगतोच, कारण याने लय घोळ होतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट, म्हणजे तपशीलवार सरकारी नकाशे, नागपूर शहराची ५५ ओ/४, त्या एव्हरेस्ट नावाच्या जुन्या मोजमापावर काढलेल्या आहेत, आणि आपला फोन, जीपीएस सगळं डब्ल्यूजीएस ८४ नावाच्या नव्या मोजमापावर चालतं. पृथ्वीचा आकार आणि मधला बिंदू दोन्हीत थोडे वेगळे धरलेत. आता जुन्या टोपोशीटवरून अक्षांश रेखांश वाचून कोणी सरळ इन्व्हेंटरीत टाईप केले तर आपल्या भागात ठिपका शंभर मीटरच्या वर सरकतो. आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे की केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगी घेऊनच. म्हणजे चूक बंदीच्या पट्ट्यापेक्षा मोठी! ज्याचं घर पट्ट्यात नाही त्याला नोटीस आणि ज्याचं आहे तो मोकळा, असं होऊ शकतं. म्हणून आकड्यासोबत तो कुठल्या मोजमापावरचा हे लिहिणं, आणि जागेवर उभं राहून घेतला की नकाशावरून उचलला हेही लिहिणं, इन्व्हेंटरीत याला पर्याय नाही.

दुसरी डोकेदुखी नावांची. जुनापाणी की जुनापानी, माहुरझरी की माहूरझरी, टाकळघाट एकटं की टाकळघाट-खापा. आणि वस्तूचंही तेच, एक जण शिळावर्तुळ लिहितो, दुसरा दगडी वर्तुळ, तिसरा स्टोन सर्कल, चौथा महापाषाणीय दफन. माणसाला कळतं, मशीनला हे चार वेगळे प्रकार. मग सर्चमध्ये चौथा भागच सापडतो आणि आपण म्हणतो इथे एवढंच आहे. म्हणून चांगल्या इन्व्हेंटरीत शब्दांची ठरलेली यादी असते, गावाचं एक मुख्य नाव आणि बाकीची सगळी स्पेलिंगं त्याला जोडलेली. हे काम कंटाळवाणं आहे पण अख्ख्या सिस्टिमचा जीव यातच आहे असं माझं ठाम मत आहे, सर्व्हर कितीही महाग घ्या.

आता अर्काइव्हकडे या, ही बाजू लोकांना कमी माहीत असते.

उत्खनन म्हणजे काय, तर पुस्तक वाचता वाचता एकेक पान जाळत जाणं. थर खोदला की तो थर परत येत नाही. जुनापाणीला रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने काही वर्तुळं उघडली आणि त्यावर १८७९ च्या सुमारास लिहिलं, मग १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे खोदलं, पुढे नागपूर विद्यापीठातून पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव सरांच्या काळात टाकळघाट-खापा झालं, माहुरझरी झालं, १९६९-७० मध्ये पवनीचे स्तूप उघडले. त्या खड्ड्यांत जे होतं ते आता वहीत, रेखाचित्रात, निगेटिव्हमध्ये आणि म्युझियममधल्या ट्रेमध्ये आहे, मूळ जागी नाही. म्हणजे नोंद हीच आता साइट. आणि गेल्या पंचवीसेक वर्षांतली बरीच उत्खननं तर जन्मापासूनच डिजिटल, टोटल स्टेशन या मोजणी यंत्राच्या फाईल, कॅडची म्हणजे कॉम्प्युटरवरची ड्रॉइंग, हजारो फोटो, थ्रीडी मॉडेल, कागद फारसा नाहीच. ही फाईल गेली की साइट दुसऱ्यांदा गेली.

आणि फाईल जाते हो, फार चटकन जाते. इंग्लंडमधलं न्यूहॅम म्युझियमचं उदाहरण या क्षेत्रात सगळे सांगतात. तिथला पुरातत्त्व विभाग १९९८ मध्ये बंद झाला आणि मागे राहिल्या दोनशेच्या वर फ्लॉपी. त्या यॉर्कच्या आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिसकडे आल्या, ही १९९६ पासूनची संस्था, पुरातत्त्वाच्या डिजिटल फाईली सांभाळणं हेच तिचं काम. बरंच वाचवलं त्यांनी, पण काही फाईली उघडल्याच नाहीत, आणि काही उघडल्या तर आतले कोड म्हणजे काय हे सांगायला माणूस नाही. फाईल शाबूत असून अर्थ गेलेला, हे मला सगळ्यात वाईट वाटतं.

तिकडचं कशाला, माझंच सांगतो. कॉलेजात असताना एका सरांसोबत फिरून मी रामटेक बाजूच्या ठिकाणांची टिपणं केली होती, छान मराठीत टाईप करून, तेव्हाच्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये. बऱ्याच वर्षांनी सीडी सापडली, नशिबाने वाचली गेली, फाईल उघडली तर ओळीच्या ओळी नुसत्या रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. फॉन्ट नव्हता. एकेक शब्द जुळवत तीन महिने लागले, आणि दोन गावांची नावं शेवटपर्यंत लागली नाहीत, तिथे मी काय पाहिलं होतं ते आता कोणालाच सांगता येणार नाही. महाराष्ट्रात किती ऑफिसांत, किती संशोधकांच्या कपाटात असा चिवडा पडून असेल विचार करा.

तर अर्काइव्ह या चार गोष्टींसाठी असतं. फाईल टिकाऊ फॉरमॅटमध्ये बदलून ठेवायची, पीडीएफ/ए, टिफ, सीएसव्ही, युनिकोड टेक्स्ट, आणि मूळ फाईलही सोबत ठेवायची, फेकायची नाही. प्रती किमान तीन, त्यातली एक दुसऱ्या गावी. प्रत्येक फाईलचा चेकसम काढायचा, म्हणजे फाईलचा अंगठा म्हणा, शा-२५६ पद्धतीने काढला तर ६४ अक्षरांचा येतो आणि आत एक टिंब जरी बदललं तरी सगळा बदलतो, तो दर काही महिन्यांनी तपासायचा. आणि कोणी, कधी, कुठल्या उपकरणाने, कुठल्या खड्ड्यात, कोड ३ म्हणजे काय, हे सगळं सोबत लिहून ठेवायचं. या सगळ्या पद्धतीला एक आंतरराष्ट्रीय चौकट आहे, ओएआयएस म्हणतात, आयएसओ १४७२१. नावाला घाबरू नका, मूळ कल्पना आपल्या दस्त नोंदणीसारखीच, जमा करताना तपासा, पावती द्या, हात न लावता ठेवा, मागेल त्याला नक्कल द्या.

आता घोळ कुठे होतो ते बघा, दोन्ही बाजूंनी होतो.

एक प्रकार असा की अर्काइव्हलाच इन्व्हेंटरी समजलं. अहवाल स्कॅन केले, पोर्टलवर टाकले, कार्यक्रम झाला. पण त्या पीडीएफच्या मधल्या कुठल्याशा पानावर "गावाच्या ईशान्येला अर्ध्या मैलावर टेकाड" असं लिहिलंय, ते लेआउट पाडणाऱ्याला दिसणार कसं? दस्त आहे, सातबाराच नाही.

उलटा प्रकार जास्त घातक आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही. इन्व्हेंटरीलाच अर्काइव्ह समजलं. समजा १० वर्षांपूर्वी एका वर्तुळाची नोंद केली, १४ दगड, फोटो, अवस्था बरी. यंदा गेलो तर ९ दगड. सिस्टिममध्ये जाऊन १४ खोडून ९ केले, जुना फोटो काढून नवा चढवला, सेव्ह. नोंद अगदी अपडेट, आणि पाच दगड कधी गेले याचा एकुलता एक पुरावा आपणच पुसला! जुनापाणीच्या दगडांवर छोटे खळगे कोरलेले आहेत, त्यांच्या दिशांवर खगोलाच्या अंगाने अभ्यास झालाय, म्हणजे एकेक दगड कुठे कसा होता हे महत्त्वाचं आहे, दगड हलला की त्याची दिशा गेली.

म्हणून दोन्ही लागतात आणि दोन्ही एका नंबराने जोडलेल्या लागतात. प्रत्येक ठिकाणाला एक कायमचा नंबर, गावाचं नाव बदललं तरी तो बदलायचा नाही. इन्व्हेंटरीत दर भेटीची वेगळी तारखेची नोंद, जुन्यावर नवं लिहायचं नाही, गाव नमुना सहामध्ये फेरफार कसे एकाखाली एक येतात तसं. आणि फोटो, मोजमापं, अहवाल हे अर्काइव्हमध्ये त्याच नंबराखाली, इन्व्हेंटरीत फक्त त्यांचा पत्ता.

म्युझियमच्या वस्तूंची कॅटलॉग सिस्टिम हा आणखी तिसरा प्रकार, पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचं 'जतन' नावाचं सॉफ्टवेअर त्यातलं. आपल्या अजब बंगल्यातल्या, म्हणजे नागपूरच्या सेंट्रल म्युझियममधल्या, तांब्याच्या वस्तूची नोंद तिथे येईल, पण ती जिथून निघाली ते टेकाड इन्व्हेंटरीत आणि खोदतानाची वही अर्काइव्हमध्ये. त्यावर सविस्तर परत केव्हातरी.

एक अडचण मात्र दोन्हीकडे सारखी, अचूक जागा सगळ्यांना दाखवायची का. आपल्याकडे गुप्तधनाच्या नादाने टेकाडं फोडणारे आहेत, हे विदर्भात कोणाला सांगायला नको. मी आधी म्हणायचो सगळं खुलं करा, लोकांचा वारसा आहे. आता मत बदललंय. आर्चेसमध्ये नोंदीतला कुठला भाग कोणाला दिसेल हे ठरवता येतं, अमेरिकेतल्या टीडार नावाच्या अर्काइव्हमध्ये ठिकाण मुद्दाम धूसर करून दाखवतात. आपल्याकडेही लोकांना गाव आणि तालुका दिसावा, अचूक आकडा कलेक्टर ऑफिस, पुरातत्त्व खातं, नगररचना आणि खरं काम करणाऱ्या संशोधकांना.

त्या दिवशी जुनापाणीहून परत आल्यावर आम्ही एक साधी शीट केली. ठिकाणाचा नंबर, भेटीची तारीख, जीपीएस कुठल्या मोजमापावर, दगड किती, उभे किती पडलेले किती, कोणी मोजले. फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, नावात तोच नंबर आणि तारीख, तीन हार्डडिस्क, त्यातली एक मॅडमच्या भावाकडे अमरावतीला. पुढच्या रविवारी टाकळघाटला जातोय, बुटीबोरीच्या बाजूने एमआयडीसी वाढत चाललीय तिकडे आधी. ज्यांच्याकडे तिथले जुने फोटो असतील, लग्नाच्या अल्बममधले का असेना, मागे दगड दिसत असतील तर स्कॅन करताना फोटोची मागची बाजूही करा, तारीख बहुतेक तिथेच लिहिलेली असते.