निऑन टेट्राची जोडी नको, थवा घ्या

"मासे नेहमी जोडीनेच घ्यावेत" हे आपल्याकडे कितीतरी वर्षं चालत आलंय, पण निऑन टेट्रा या टँकमध्ये पाळायच्या माशाच्या बाबतीत ते साफ चूक आहे. हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, झाडांच्या सावलीतल्या काळपट पाण्यात थव्याने फिरणारा जेमतेम 3 सेंमीचा जीव, आजूबाजूला बाकीचे टेट्रा असले तरच त्याला सुरक्षित वाटतं, दोनच ठेवले की फिल्टरच्या मागे दडून बसतात, खाणं टाकलं तरी लवकर बाहेर येत नाहीत. नर-मादी असली तरी तेच. कमीत कमी 6 घ्या, 10 घेतले तर फारच छान, टँक निदान 2 फुटी हवा. माझ्याकडे 2 चे 9 केले तर आठवड्याभरात सगळे मधोमध पोहायला लागले, एक वळला की सगळ्यांच्या निळ्या रेघा एकदम चमकतात, बघतच राहावंसं वाटतं. आणि हो, सकाळी लाईट लावल्या लावल्या फिके दिसले तर घाबरू नका, अंधारात त्यांचा रंग उतरतोच, थोड्या वेळात परत येतो. दिवसभर फिकेच राहिले तर मात्र लगेच पाणी तपासा.