ताहरच्या शिकारीसाठी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल कशी निवडावी

न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. बरेचजण हजार मीटरवरच्या नेमबाजीचे व्हिडिओ पाहून दुकानात येतात आणि आल्या आल्या विचारतात, "सगळ्यात लांबचा मारा कोणत्या रायफलीचा?" आम्ही त्यांना विचारतो, "ती खांद्याला अडकवून तुम्ही किती चढणार?" सदर्न आल्प्समध्ये ताहर (रानबोकडासारखा डोंगरी प्राणी) राहतो तो झाडांची हद्द संपल्यावर, कडे आणि घसरड्या दगडांच्या पट्ट्यात. तिथे पोचेपर्यंत माणसाला धाप लागलेली असते, आणि पाच किलोची अचूक रायफल धाप लागलेल्या माणसाच्या हातात फारशी अचूक राहत नाही.

भारतातून नव्याने आलेल्यांना एक प्रश्न हमखास पडतो. हिमालयातला हाच प्राणी तिकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्याला मारणं गुन्हा आहे. मग इथे कसं चालतं? इथे वटवाघळं सोडली तर जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी इंग्लंडहून भेट पाठवलेले ताहर १९०४ साली माउंट कुकजवळ हर्मिटेजपाशी सोडले गेले. त्यांना खाणारं जनावर इथे नव्हतं आणि इथल्या डोंगरमाथ्यावरच्या वनस्पतींना चरणाऱ्या प्राण्यांची सवय नव्हती. कळप वाढत गेले. १९९३च्या सरकारी आराखड्याने त्यांच्या संख्येला दहा हजारांची मर्यादा घातली. त्यामुळे इथला शिकारी या प्राण्यांची संख्या आटोक्यात ठेवायला हातभारच लावतो. परवाना मात्र लागतोच, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे प्रत्येक गोळीनंतर बोल्ट (नळीमागचा दांडा) हाताने मागे-पुढे करायची रायफल. तीच का, याला दोन उत्तरं. २०१९च्या क्राइस्टचर्च हल्ल्यानंतर मोठ्या काडतुसांच्या अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आली, त्यामुळे साध्या लायसनवर मिळणाऱ्यांत ही सरळ निवड. दुसरं, हिची रचनाच भरवशाची आहे. बोल्टच्या पुढचे दोन दात रिसीव्हरमध्ये (नळीमागच्या धातूच्या सांगाड्यात) अडकून काडतूस घट्ट धरतात, हलते भाग थोडे, बर्फ-चिखल गेला तरी बोल्ट बाहेर काढून फडक्याने पुसता येतो. १८९८च्या माउझरपासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही.

काडतूस कोणतं?

इथेच ग्राहक सर्वांत जास्त अडखळतात, म्हणून सविस्तर लिहितो. .३०० विंचेस्टर मॅग्नम किंवा ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम (जास्त दारूचं, जोरदार काडतूस) घेतलं की मारा लांबतो, हे खरं. पण त्याबरोबर धक्काही वाढतो. हलक्या डोंगरी रायफलीतून मॅग्नम झाडताना नवशिका चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, आणि ही सवय एकदा लागली की सुटायला फार वेळ जातो. काडतुसं महाग, म्हणून सरावही कमी होतो. आमच्याकडे मॅग्नम विकायला आहेत, पण पहिली रायफल म्हणून आम्ही त्या पुढे करत नाही.

६.५ क्रीडमूर (२००७) हे आमचं पहिलं सुचवणं. गोळी लांबट आणि निमुळती, हवेत वेग टिकवून ठेवते, धक्का सौम्य. .३०८ विंचेस्टर (१९५२) जरा जास्त खाली पडते, पण तिची काडतुसं गावोगावच्या दुकानात मिळतात. .२७० विंचेस्टर तर १९२५पासून डोंगरात चालत आली आहे. वडिलांची किंवा सासऱ्यांची जुनी रायफल कपाटात असेल तर नवी घ्यायची घाई करू नका, आधी तिची नळी आम्हाला दाखवा.

आता आकडे. ६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेनची (सव्वानऊ ग्रॅमच्या आसपास) गोळी नळीतून सेकंदाला साधारण ८२० मीटर वेगाने निघते. रायफल २०० मीटरवर शून्य केली असेल (म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर लागेल अशी दुर्बीण जुळवली असेल) तर ३०० मीटरवर गोळी सुमारे २५ सेंटिमीटर खाली लागते आणि ४०० मीटरवर जवळजवळ ७५ सेंटिमीटर. शेवटच्या शंभर मीटरमध्ये अर्ध्या मीटरचा फरक पडला, हे नीट लक्षात घ्या. म्हणजे अंतर "अंदाजे साडेतीनशे असेल" म्हणून भागत नाही. दुसऱ्या रायफलीच्या आधी लेझर रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) घ्या.

वारा त्याहून त्रासदायक. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ४०० मीटरवर याच गोळीला साधारण ३० सेंटिमीटर बाजूला ढकलतो. खाली पडणं मोजता येतं. पण दरीत इकडे एक वारा, मधल्या घळीत दुसरा, आणि ताहरपाशी तिसराच. त्यावर कोणतंही काडतूस इलाज नाही. उतारावरून नेम धरताना आडवं अंतर धरायचं: ३० अंशाच्या कोनात ४०० मीटर दिसले तर गोळीचं पडणं साधारण ३४६ मीटरचं असतं. बरेच रेंजफाइंडर हे गणित स्वतः करून देतात.

रायफलीचं शरीर

दुर्बीण, पट्टा, सायलेन्सर आणि काडतुसांसकट एकूण वजन चार किलोच्या आसपास राहील असं पाहा. फिनलंडची टिक्का टी३एक्स लाइट रिकामी तीन किलोच्या आत बसते, बोल्ट लोण्यासारखा सरकतो, आणि चाप घरीच हलका-जड करता येतो. जपानी होवा १५०० थोडी जड आणि स्वस्त. जास्त न चालता खोपीजवळ बसून वाट पाहणाऱ्यांना ती पुरते. दस्ता सिंथेटिक घ्या. लाकडी दस्ता देखणा, पण पावसात भिजून फुगला आणि नळीला टेकला की शून्य हलतं.

सायलेन्सर इथे कायदेशीर आहे आणि जवळपास सगळेच लावतात. त्याने नळीच्या टोकाला वजन आणि लांबी वाढते, म्हणून नळी २० ते २२ इंचांची पुरे. आवाज कमी होतो, नाहीसा होत नाही. सराव करताना कानांना संरक्षण हवंच.

दुर्बिणीवर रायफलीइतकाच खर्च करायची तयारी ठेवा. दुर्बिणीवरची नेम वर-खाली करायची चकती मिल या मापात फिरणारी घ्या, कारण एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर, आणि आपण मीटरमध्येच विचार करतो. माउंटचे (दुर्बीण रायफलीवर धरणाऱ्या पकडीचे) स्क्रू आम्ही टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) लावून घट्ट करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

तुमचं अंतर तुम्हीच ठरवा

मैदानावर बाकाला टेकून मारलेले ग्रुप (एकत्र पडलेल्या गोळ्यांचे झुबके) बाजूला ठेवा. बॅग जमिनीवर टाका, तिच्यावर रायफल ठेवून आडवे व्हा, थंड नळीतून पाच गोळ्या मारा. जितक्या लांबून पाचही २० सेंटिमीटरच्या वर्तुळात बसतात ते तुमचं अंतर. बहुतेकांचं पहिल्या वर्षी २५० मीटरच्या आसपास निघतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. तेवढ्या अंतरात पोचण्यासाठी सरपटत जाणं हाच शिकारीतला खरा मजेचा भाग आहे असं आमचं मत आहे. चाप ओढण्यापूर्वी एवढं बघा की ताहर पडला तर कुठे पडेल. कड्याखाली गेलेला प्राणी आणायला जाताना माणसं जखमी होतात.

कागदपत्रं

शस्त्र लायसन १६ वर्षांपुढे मिळतं. पहिलं लायसन पाच वर्षांचं, पुढचं दहा. लायसन दाखवल्याशिवाय आम्ही रायफलच काय, काडतूसही देऊ शकत नाही, ओळखीतल्या माणसालाही नाही. कृपया गळ घालू नका. जून २०२३पासून शस्त्रांची नोंदणीवही सुरू झाली आहे, खरेदीची नोंद तिच्यात करावी लागते. सरकारी जमिनीवर शिकारीसाठी निसर्ग संवर्धन विभागाचा परवाना ऑनलाइन आणि मोफत मिळतो. राष्ट्रीय उद्यानांत आणि ठरावीक भागांत वेगळे नियम आहेत, ते निघण्याआधी वाचा.

घरी रायफल कुलपात आणि काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवावी लागतात. तिजोरी भिंतीला बसवायची असेल तर खरेदीच्या वेळीच सांगा. रायफल हातात धरून पाहायची असेल तर डोंगरात घालाल तेच जाड जॅकेट घालून या. दस्त्याची लांबी उन्हाळी शर्टावर मोजली तर हिवाळ्यात चुकते.