आमची फर्म, आमचं घर आणि तुमच्या सायडिंगवरची तार

नवीन कस्टमर आला की दोन प्रश्न हमखास विचारतो. एक म्हणजे तुम्ही या लाइनमध्ये किती वर्षं आहात, आणि दुसरा, काम जर तीन तासांचंच आहे तर तारीख महिना दीड महिना पुढची का देताय. दोन्हीचं उत्तर एकमेकांत अडकलेलं आहे आणि फोनवर सांगता सांगता घसा बसतो, म्हणून हे पत्रक छापलं. सावकाश वाचा.

आम्ही काय करतो ते आधी. कारखाने, गोडाऊन, कंटेनर यार्ड यांच्या खासगी सायडिंगवर (मुख्य लाइनीतून फुटून आत आलेला रूळ) रुळावरची ओव्हरहेड विजेची तार ओढणं, मास्ट म्हणजे तारेचे खांब उभे करणं, झिजलेली तार बदलणं, आणि ट्रॅकलगतच्या शेड, जाळीचं कुंपण, पाइपलाइन वगैरेंचं अर्थिंग आणि बाँडिंग, म्हणजे लोखंड जमिनीशी आणि एकमेकांशी जोडून त्यात वीज साठू न देणं. मोठ्या कंत्राटदारांच्या हाताखाली रेल्वेची कामंही घेतो. मेट्रोची घेत नाही, त्याच्या चौकशा फार येतात म्हणून इथेच सांगून टाकलं.

आता घरची गोष्ट. आजोबा संगमेश्वराकडचे, मुंबईला आले आणि जीआयपी रेल्वेत (आजची मध्य रेल्वे) ओव्हरहेडच्या गँगमध्ये खलाशी म्हणून चिकटले. तेव्हा विजेची गाडी मुंबईत तशी नवलाईचीच. देशातली पहिली इलेक्ट्रिक गाडी 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटीवरून हार्बरने कुर्ल्याला गेली, 1500 व्होल्ट डीसीवर. 1928 ला पलीकडे बीबीसीआयने (आजची पश्चिम रेल्वे) कुलाबा ते बोरिवली केलं, मग जीआयपीने 1929 ला बोरघाट चढवून पुण्यापर्यंत आणि 1930 ला थळघाटातून इगतपुरीपर्यंत तार नेली. ठाकुर्लीला जीआयपीचं स्वतःचं पॉवर हाऊस होतं, जुनी माणसं अजून त्याला चोळे पॉवर हाऊसच म्हणतात. आजोबांची निम्मी नोकरी कल्याणच्या अलीकडे पलीकडे शिडीच्या ट्रॉलीवर गेली.

डीसीचं एक आहे, व्होल्टेज कमी म्हणजे तेवढीच पॉवर द्यायला करंट भरमसाट, करंट जास्त म्हणजे तांबं जाड, तार जड, आणि दर काही किलोमीटरवर सबस्टेशन. आजोबांच्या सगळ्या गोष्टी वजनाच्याच असायच्या, कुठला ड्रम कोणी कसा उचलला, कोणाची पाठ कधी गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी कुर्ल्याला एक गाळा भाड्याने घेतला आणि क्लॅम्प, ड्रॉपरच्या (दोन तारांमधली उभी लोंबती तार) क्लिपा, असली बारीकसारीक फिटिंग बनवायला सुरुवात केली. फर्म म्हणायची ती तेव्हापासून. लेथ एक, माणसं घरचीच, आणि हिशेब आत्याकडे, जो आजही तिच्याचकडे आहे (तिच्याशी रेटची घासाघीस करून बघा एकदा, मजा येईल).

बाबा आले आणि फर्म गाळ्यातून ट्रॅकवर गेली. रेल्वेने 1950 च्या दशकातच ठरवलं होतं की यापुढे नवीन काम 25 हजार व्होल्ट एसीवर, पण मुंबईत डीसीचा पसारा एवढा मोठा की तो तसाच राहिला. त्यामुळे कित्येक वर्षं इगतपुरीच्या अलीकडे डीसी आणि पलीकडे एसी, तिथे इंजिन बदलायचं आणि तेवढ्यात लोक खाली उतरून वडे खाऊन यायचे. बाबांची पहिली एसीची कामं सगळी मुंबईबाहेरची. एसीत तेवढ्याच पॉवरला करंट साधारण सतरावा हिस्सा लागतो, म्हणून तार सडपातळ, कॉन्टॅक्ट वायर, जिला घासून गाडी वीज घेते ती, 107 चौरस मिलिमीटरची आणि ती जिला टांगलेली असते ती वरची कॅटेनरी 65 ची, सबस्टेशनंही लांब लांब. आजोबा म्हणे ती तार बघून हसले होते, ही काय तार आहे का म्हणून.

पण एसीत एक भानगड आहे जी डीसीत नव्हती, आणि आमच्या सगळ्या तारखा तिच्यावर अडकतात. शेजारच्या ट्रॅकवरची तार चालू असेल तर तिच्यामुळे तुमच्या बंद केलेल्या तारेत आपोआप व्होल्टेज येतं. इंडक्शन. स्विच उघडलेला, कंट्रोलने सप्लाय बंद केल्याचं सांगितलेलं, तरी माणूस मरेल एवढं. डोळ्यांना काही दिसत नाही, तार दोन्ही वेळेला तशीच दिसते.

म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. ट्रॅक्शन पॉवर कंट्रोलर (रेल्वेच्या तारेचा सप्लाय सांभाळणारा) सप्लाय बंद करतो आणि प्रायव्हेट नंबर, म्हणजे निरोपाच्या खात्रीचा आकडा देतो, साइटवरचा रेल्वेचा अधिकृत माणूस परमिट टू वर्क लिहून देतो, आणि मग कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड, म्हणजे तारेतली वीज जमिनीत उतरवणारे दांडे लावायचे. रॉडच्या केबलचा खालचा क्लॅम्प आधी अर्थला पक्का आवळायचा, हाताने हलवून बघायचा, मगच वरचा हुक तारेला लावायचा. काढताना बरोबर उलटं, आधी तारेवरचा हुक, मग खालचा क्लॅम्प. हे उलटसुलट झालं की रॉड हातात धरणाराच अर्थ बनतो, वीज त्याच्यातूनच जमिनीत जाते. दोन रॉड लागल्याशिवाय आमचा एकही माणूस शिडीला हात लावत नाही, वर ढग भरलेले असोत, साहेब घड्याळ दाखवत असोत की तुमची रेक यार्डाबाहेर उभी असो. एका कंत्राटदाराने एकदा एकाच रॉडवर भागवा म्हणून फार जोर लावला, बाबांनी माणसं खाली बसवली, ब्लॉक (कामासाठी गाड्या थांबवून मिळालेली वेळ) वाया गेला आणि ते बिल आजतागायत आलं नाही. आत्या अजून ते येणे बाकीमध्ये दाखवते.

मग मुंबईचं कन्व्हर्जन आलं. चालू लोकलखाली, रोज लाखो लोक जात येत असताना, 1500 चं 25 हजार करायचं. इन्सुलेटर मोठे बदलायचे, पुलांखालची जागा पुरत नसेल तर रूळ खाली घ्यायचा नाहीतर पुलाचंच काहीतरी करायचं, आणि हे सगळं रात्रीच्या ब्लॉकमध्ये आणि रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये. रविवारी पाहुण्यांकडे जाताना तुम्ही ज्या मेगाब्लॉकला शिव्या घातल्या असतील त्यातल्या काहींत आम्हीही होतो. वेस्टर्नचं काम फेब्रुवारी 2012 ला संपलं, सेंट्रलची मेन लाइन जून 2015 ला, आणि हार्बर सगळ्यात शेवटी. शेवटची डीसी लोकल 9 एप्रिल 2016 च्या रात्री कुर्ल्याहून सीएसटीला गेली. पहिली कुर्ल्याला आली, शेवटची कुर्ल्याहून गेली, आमचा गाळा कुर्ल्याला, त्यामुळे घरात याचा फार अभिमान, आमचा त्यात हात शून्य असला तरी.

आता आम्ही दोघं चुलत भाऊ बघतो. मी साइट, तो ड्रॉइंग. आणि तारखेचं म्हणाल तर तुमच्या सायडिंगची तार रेल्वेच्याच तारेतून निघते, म्हणून आधी ड्रॉइंग रेल्वे डिव्हिजनच्या टीआरडी खात्याकडून (तारेचा सप्लाय बघणारं खातं) पास व्हावं लागतं, मग ब्लॉक मागायचा, तो ट्रॅफिक बघून मिळतो, पावसाळ्यात किंवा गणपतीच्या गर्दीत मिळालेला रद्दही होतो. मिळालेल्या तीन तासांतला सप्लाय बंद करून रॉड लावण्यात आणि शेवटी सगळं काढून परमिट परत देण्यात बराच वेळ जातो, उरलेल्यात काम. जो तुम्हाला पुढच्या आठवड्याची पक्की तारीख देतो त्याला ब्लॉक कोण देणार आहे ते जरूर विचारा.

लोडिंग असलेल्या लाइनवर आम्ही अर्थिंग हीलवाला आयसोलेटरच (सायडिंगची तार तोडायचा स्विच) घालतो, तो उघडला की पुढची तार आपोआप अर्थ होते. स्वस्तातला साधा घाला असं कोणी म्हणालं तर काम घेत नाही. कारण पावसात वॅगनवरची ताडपत्री सरळ करायला तुमचा हमाल वर चढणारच, कितीही बोर्ड लावा. तारेला हात लागायची गरज नसते, 2 मीटरच्या आत गेलं तरी धोका आहे, शिवाय लोखंडी पाइप, क्रेनचा बूम, ओली दोरी हे सगळं आलंच. चावी एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा आणि लोडिंगच्या आधी आयसोलेटर उघडून कुलूप लावलंय हे त्याने स्वतः डोळ्यांनी बघायचं, फोनवर विचारून नाही.

मेंटेनन्सवाल्यांनी दोन गोष्टी बघत राहा. पावसाळ्याच्या तोंडावर कावळे मास्टवर घरटी करतात आणि मुंबईचे कावळे काड्यांबरोबर तारेचे तुकडेही आणतात, त्याने सप्लाय ट्रिप होतो. संक्रांतीला मांजा लोंबतो. दोन्ही स्वतः काढायला जाऊ नका, काठीने तर नाहीच, आम्हाला कळवा.

कोटेशन हवं असेल तर यार्डचा स्केलमधला प्लॅन, सायडिंगची लांबी, लोडिंग नक्की कुठे होतं आणि क्रेन असेल तर बूमची उंची एवढं पाठवा. प्लॅनचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो नको, पीडीएफच पाठवा, नाहीतर भाऊ परत मागतो आणि त्यात अजून चार दिवस जातात.