नळाच्या खांद्यावर रस्ता

पाण्याची मोठी लाइन नदीपलीकडे न्यायची तर आधी पूल बांधा, मग त्यावर पाइप टाका, असं कुणीही सांगेल. वॉशिंग्टनमध्ये रॉक क्रीक हा ओढा ओलांडताना लष्करी अभियंता माँटगोमेरी मेग्ज याने उलटं केलं. 48 इंच व्यासाचे दोन बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, नळ कमानीच्या आकारात जोडून त्याने या काठावरून त्या काठाला टेकवले आणि रस्ता त्या नळांवरच ठेवला. गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर, 200 फुटांचा, मध्ये खांब नाही. 1860 मध्ये पूल तयार झाला. वरून घोडागाड्या, आतून पोटोमॅक नदीचं पाणी.

बीड ठिसूळ असतं. ओढलं की तडकतं, दाबलं तर मात्र भलतंच सोसतं, आणि कमानीत मुख्यतः दाबच असतो. शिवाय तेवढ्याच लोखंडाच्या भरीव दांड्यापेक्षा पोकळ नळ कितीतरी कमी लवतो.

खरी गंमत उन्हात आहे. तापमान 30 अंशांनी वाढलं, तर एवढा लांब लोखंडी नळ सुमारे 20 मिलिमीटर वाढतो. सरळ नळाचं एक टोक मोकळं सोडता येतं. कमानीची दोन्ही टोकं दगडी बांधकामात घट्ट, म्हणून ती वर फुगते. किती? कमानीची लांबी साधारण L + 8h²/3L, इथे L म्हणजे गाळा आणि h म्हणजे माथ्याची उंची. यावरून माथा लांबीतल्या वाढीच्या 3L/16h पट वर जातो. उंची गाळ्याच्या दहाव्या हिश्शाइतकी धरा, उत्तर येतं जवळपास दुप्पट, म्हणजे 4 सेंटिमीटरच्या आसपास! कमान जितकी पसरट, तितकी ही उचल जास्त. थंडीत माथा खाली बसतो, नळ वाकू पाहतो आणि टोकांशी एका बाजूला नेमका तो ताण येतो, जो बिडाला सोसत नाही.

आतलं पाणी तापमान सांभाळेल म्हणावं, तर पाणी गोठू नये म्हणून मेग्जने आतून 3 इंच जाड लाकडी पट्ट्यांचं अस्तर दिलेलं. लोखंड बिचारं हवेबरोबरच तापणार आणि निवणार.

आपल्याकडे मोठ्या पुलाचं काम निघालं की 'पूल बळी मागतो' ही कुजबुज अजून होते. पुलाला हलायला जागा लागते. ती ठेवली नाही तर नरबळी देऊनही तडे जाणारच.

पुढे 1916 मध्ये या नळांभोवती नवी भक्कम कमान बांधून रुंद पूल केला. मेग्जचे नळ तिच्या पोटात आहेत.