फ्लॉपीची जागा कोण घेणार: झिप ड्राइव्हच्या बाजारपेठेची पार्श्वभूमी

काढता-घालता येणाऱ्या डिस्कच्या व्यवसायाबद्दल १९९० च्या दशकाच्या मध्यास जो मोठा उत्साह होता, त्याचे मूळ फ्लॉपीच्या अपुरेपणात होते. १९८७ मध्ये रूढ झालेली साडेतीन इंची, १.४४ एमबीची फ्लॉपी पुढे तिथेच अडकली, २.८८ एमबीची तिची सुधारित आवृत्ती आली, पण चालली नाही. याच काळात संगणकातील हार्ड डिस्क मात्र काही दहा एमबीवरून गीगाबाइटपर्यंत पोहोचली.

ही अडचण सर्वांत आधी छपाईच्या धंद्याला जाणवली, कारण स्कॅन केलेले एखादे मोठे रंगीत छायाचित्र फ्लॉपीवर मावतच नव्हते. कॅलिफोर्नियातील सायक्वेस्ट या कंपनीची ४४ एमबीची कार्ट्रिज, म्हणजे डबीत बंद असलेली डिस्क, डिझायनर आणि छपाईची पूर्वतयारी करणारे प्रोसेसिंगवाले यांच्यात फिरू लागली ती याच गरजेतून. तिचा ड्राइव्ह महाग असल्याने सामान्य ग्राहकापर्यंत ती पोहोचली नाही.

ती वाट अमेरिकेतील युटा राज्याच्या आयोमेगा कंपनीने १९९५ मध्ये मोकळी केली. सुमारे २०० डॉलरचा निळा झिप ड्राइव्ह आणि सुमारे २० डॉलरची १०० एमबीची डिस्क असा तो हिशेब होता. ड्राइव्ह एकदाच विकला जातो, पण डिस्क पुन्हा पुन्हा घ्याव्या लागतात, या अपेक्षेवर गुंतवणूकदारांनी १९९६ मध्ये कंपनीचा शेअर डोक्यावर घेतला.

त्या अपेक्षेतील उणीव माझ्या मते तंत्रातली नव्हती, व्यवहारातली होती. फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह जवळपास प्रत्येक संगणकात असे. झिप डिस्क कोणाला द्यायची, तर त्याच्याकडेही झिप ड्राइव्ह असायला हवा. शिवाय स्वरूप एकाच कंपनीच्या हाती असल्याने डिस्कची किंमत फ्लॉपीसारखी उतरण्याची शक्यता नव्हती, आणि कंपनीचा नफा तर त्याच किमतीवर उभा होता. तंत्रातील दोषाने या अडचणीत भर घातली. काही ड्राइव्हमधून टक-टक असा आवाज येऊ लागे आणि डिस्क वाचली जात नसे. बिघडलेल्या हेडने, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या भागाने, डिस्कची कड फाटली, तर तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हचे हेडही निकामी करू शके, म्हणून खात्री करण्यासाठी डिस्क दुसरीकडे लावून पाहणे हेच धोक्याचे ठरत होते. या दोषावरून १९९८ मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा दाखल केला.

स्पर्धकांची अवस्थाही फारशी बरी नव्हती. फ्लॉपीही वाचू शकणारी १२० एमबीची सुपरडिस्क मागे पडली आणि सायक्वेस्टने १९९८ च्या अखेरीस दिवाळखोरी जाहीर केली.

खरा घाव मात्र बाहेरून बसला. कोऱ्या सीडीच्या किमती झपाट्याने उतरल्या, तिच्यात ६५० एमबी माहिती मावत होती, आणि ती वाचणारा ड्राइव्ह बहुतेक नव्या संगणकांत आधीपासून होता. २००० मध्ये यूएसबी पेन ड्राइव्ह आला. आयबीएमने अमेरिकेत विकायला आणलेल्या अशा पहिल्या ड्राइव्हची क्षमता अवघी ८ एमबी, म्हणजे झिपच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होती, पण त्याला समोरच्या संगणकात वेगळा ड्राइव्ह लागत नव्हता. झिपच्या २५० आणि ७५० एमबीच्या आवृत्त्यांनी क्षमता वाढवली. समोरच्याकडेही झिप ड्राइव्ह लागण्याची अडचण मात्र तशीच राहिली.

ईएमसी या कंपनीने २००८ मध्ये सुमारे २१.३ कोटी डॉलरना आयोमेगा विकत घेतली, तेव्हा सौद्याचा भर बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर आणि नेटवर्कवरील साठवणुकीच्या उपकरणांवर होता.