चमचचोच्या तुतवार आणि बोरियल फेल्ट शैवाक : वर्गीकरण व संवर्धनस्थिती

चमचचोच्या तुतवार (कॅलिड्रिस पिग्मिया) हा चिमणीएवढा किनारपक्षी, तर बोरियल फेल्ट शैवाक (एरिओडर्मा पेडिसेलॅटम) हे झाडाच्या सालीवर वाढणारे शैवाक, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या दूरच्या गोतातले. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत दोघांची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशीच झाली : शैवाकाची 2003 मध्ये, तुतवाराची 2008 मध्ये.

तुतवाराची चपटी चोच पाहून स्वीडिश वर्गीकरणतज्ज्ञ लिनीअसने 1758 मध्ये त्याला चमचा पक्ष्यांच्या प्रजातीत (जीनसमध्ये) टाकले. आज तो कॅराड्रिफॉर्मिस गणातील स्कोलोपॅसिडी कुलात, इतर टिलव्यांसोबत आहे. शैवाकाचे नावही असेच फिरले. 1911 मध्ये ते पॅनारिया या प्रजातीत वर्णिले गेले आणि 1972 मध्ये एरिओडर्मात आले. मात्र इथे खरी मेख वेगळीच आहे. शैवाक हा एकटा जीव नव्हे; त्यात कवक (बुरशी) व सूर्यप्रकाशावर अन्न बनवणारे सायनोबॅक्टेरिया हे जीवाणू एकत्र नांदतात. नियमानुसार शैवाकाला दिलेले नाव फक्त कवकाचे मानतात, त्यामुळे पेल्टिजेरेलीस गण आणि पॅनारिएसी कुल हा सगळा पत्ता कवकाचाच. निम्मा संसार या नावाबाहेरच राहतो!

संवर्धनात मात्र हा सायनोबॅक्टेरियाचा वाटा वगळून चालत नाही. करड्या-तपकिरी पापुद्र्यावर देठ असलेल्या लालसर-तपकिरी चकत्या येतात, त्यांतून फक्त कवकाचे बीजाणू सुटतात. प्रत्येक बीजाणूला सायनोबॅक्टेरियाचा जोडीदार नव्याने गाठावा लागतो. त्यात सायनोबॅक्टेरिया आम्लपर्जन्याने लवकर दगावतात आणि जुनी दमट जंगले तोडली जातात. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात ते प्रथम सापडले, पण तिथूनच नाहीसे झाले. कॅनडाच्याच न्यू फाउंडलंडमध्ये ते मुख्यतः बाल्सम फर या सूचिपर्णी झाडाच्या खोडांवर टिकून आहे.

तुतवाराचे दुखणे वाटेतले आहे. तो रशियाच्या चुकोत्का व उत्तर कामचात्कात वीण करतो, तर हिवाळा बांगलादेश, म्यानमार, थायलंडच्या चिखलपट्ट्यांवर काढतो. मधल्या, चीन व कोरियादरम्यानच्या पीत समुद्राच्या किनाऱ्यावरील भरावाने त्याचे विसाव्याचे थांबे गिळले. म्यानमारमध्ये शिकाऱ्यांची जाळी होतीच. आता अंडी उबवणयंत्रात उबवून, पिल्ले पंख फुटेपर्यंत सांभाळून वीणस्थळीच सोडतात. शैवाकासाठी असा सोपा उपाय नाही. शैवाक ज्या झाडावर आहे ते झाड आणि भोवतालचा दमटपणा राखणे एवढेच हाती उरते. योगायोग असा, की कामचात्कात हे शैवाकही सापडले आहे.