लाइन गेली की कीबोर्ड का कुरकुरतो?

‘अनोळखी कळ दाबली गेली.’ तिच्याखाली, ‘ओळखीची करायची असेल तर सेटकीकोड्स वापरा.’ मग पुन्हा त्याच दोन ओळी, फक्त ‘दाबली’च्या जागी ‘सोडली’. दारव्हा तालुक्यात सातबारा काढून देणाऱ्या एका सेवा केंद्रातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे त्याच्या गाभ्याचा, लॉग (घडामोडींची नोंद) उघडला, तर इंग्रजीतल्या याच ओळींनी पानंच्या पानं भरलेली. कीबोर्डला तर कुणी हातही लावला नव्हता.

“लाइन गेली का येते भाऊ हे, अन् आली का अजून येते,” केंद्र चालवणारा पोरगा म्हणाला. अर्धं निदान त्यानं केलंच होतं.

लॅपटॉपमध्ये मुख्य प्रोसेसरशिवाय एम्बेडेड कंट्रोलर नावाची एक छोटी चिप असते. चार्जिंग, पंखा, बॅटरी आणि बहुतेक वेळा कीबोर्ड, हे सगळं तिच्या अंगावर. त्यामुळे काही मॉडेलांमध्ये चार्जरचा पुरवठा तुटला किंवा जोडला गेला ही बातमीसुद्धा कीबोर्डच्याच वाटेनं, एखादी कळ दाबल्यासारखी पाठवली जाते. सोबत दिलेल्या विंडोजमध्ये कंपनीचं सॉफ्टवेअर ती समजून घेतं. लिनक्सला कुणी सांगितलेलंच नसतं.

कर्नलमध्ये कीबोर्ड सांभाळणारा जो भाग, म्हणजे ड्रायव्हर, असतो त्याचं नाव एटीकेबीडी. त्यातलं ‘एटी’ १९८४ च्या आयबीएम पीसी एटीवरून आलंय. कर्नलपर्यंत अक्षर येत नाही, आकडा येतो. इंग्रजी ‘ए’ची कळ दाबली की ३०, सोडली की १५८, म्हणजे त्याच आकड्यात १२८ मिळवून. ड्रायव्हर हा आकडा आपल्या तक्त्यात शोधतो. तिथं शून्य सापडलं, म्हणजे त्या आकड्याला कळच नेमलेली नसली, तर तो इशारा लिहितो: दाबताना दोन ओळी, सोडताना दोन. लाइन एकदा झपकून परत आली म्हणजे दोन घटना, आठ ओळी. खरिपात पीकविम्याची गर्दी असताना आमच्याकडे लाइन किती वेळा झपकते, ते वेगळं सांगायला नको.

यात बिघडतं काय? कर्नलचा लॉग रहाटगाडग्यासारखा फिरतो. नवीन भरलं की जुनं रिकामं. त्याचा मूळ आकार साधारण १२८ किलोबाइट, लिनक्सच्या काही वितरणांत (उबुंटूसारख्या तयार आवृत्त्यांत) त्याच्या दुप्पट. डिस्कवर साठवल्या जाणाऱ्या नोंदींनाही मर्यादा असतेच. या कुरकुरीत हार्ड डिस्कचा एखादा सेक्टर वाचता येत नसल्याची ओळ वाहून गेली, तर ती दिसणार कशी? म्हाताऱ्या लॅपटॉपवर खरी काळजी त्या ओळीची.

सगळ्यात सोपा उपाय मला पटत नाही. कर्नल सुरू होतानाच्या पर्यायांत ‘क्वाएट’ लिहिलं की पडद्यावरचे संदेश थांबतात, लॉगमध्ये भर पडतच राहते. दुसरा उपाय म्हणजे वेगावर लगाम. कर्नलमध्ये तशी सोय आहे: मूळ सेटिंगनुसार ५ सेकंदांत १० संदेश, त्यापुढचे गाळायचे. याच ड्रायव्हरमधल्या दुसऱ्या एका इशाऱ्याला तो लगाम लावलेलाही आहे. कर्नलनं कॅप्स लॉकचा दिवा लावायला सांगितलं की कीबोर्ड २५० हा आकडा पाठवून पोच देतो. काहीही न सांगता पोच आली की तो इशारा उमटतो. तिथं लगाम शोभतो, कारण अशा पोचांची झड लागू शकते. आपल्या घटना मात्र मिनिटामिनिटानं येणाऱ्या. पाच सेकंदांच्या चाळणीतून त्या आरामात निसटतात.

म्हणून आकड्याला अर्थ द्यायचा. आधी लॉग दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ या आज्ञेला ‘फॉलो’ पर्याय लावून लॉग जिवंत ठेवायचा आणि बोर्डातून चार्जरची पिन काढायची, घालायची. तोच आकडा दोन्ही वेळा आला की चोर सापडला. लगेच एफएन धरून वरच्या ओळीतल्या सगळ्या कळाही दाबून बघाव्यात, नाहीतर चार्जरऐवजी ब्राइटनेसची कळ गप्प करून बसाल.

इशाऱ्यात सुचवलेल्या सेटकीकोड्स या आज्ञेनं केलेली नोंद यंत्र बंद होताच पुसली जाते. टिकाऊ जागा म्हणजे लिनक्समध्ये जोडलेली उपकरणं सांभाळणाऱ्या यूडेवची हार्डवेअर नोंदवही, ‘एचडब्ल्यूडीबी’. तिथं एका छोट्या फाइलमध्ये लॅपटॉपचं मॉडेल आणि त्याखाली एक ओळ: या आकड्याची कळ बरोबर ‘अननोन’. गंमत म्हणजे लिनक्समध्ये ‘अननोन’ हीसुद्धा एक रीतसर कळ आहे, क्रमांक २४०. तक्त्यात शून्याच्या जागी २४० आलं की ड्रायव्हर ते मुकाट्यानं वर पाठवतो आणि इशारा लिहीत नाही. नोंदवही नव्यानं बांधून यूडेवला जागं करणाऱ्या दोन आज्ञा दिल्या की झालं. कर्नल नव्यानं कंपाइल करायची गरज नाही.

एक अडचण तरीही उरू शकते. काही लॅपटॉप कळ ‘दाबली’ सांगतात, ‘सोडली’ सांगतच नाहीत. मग कर्नलला वाटतं बोट अजून कळीवरच आहे. यासाठी ड्रायव्हरमध्ये ‘फोर्स रिलीज’ची यादी आहे, त्यात आकडा घातला की दाबल्याबरोबर सुटल्याचंही ड्रायव्हर स्वतःच कळवून टाकतो. हे सगळं जमलं तर ती मॉडेलची ओळ सिस्टिमडीच्या, म्हणजे यूडेव ज्याचा भाग आहे त्या, प्रकल्पाकडे पाठवावी. मूळ नोंदवहीत अशी पुष्कळ मॉडेलं लोकांनीच भरलेली आहेत, आणि तोच लॅपटॉप दिग्रस-पुसदकडेही कुणीतरी वापरत असेल.